पहिलं ओव्हरक्लॉक करताय? आधी प्रोसेसर किती तापतो ते नीट मोजून घ्या

ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, करायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टेंपरेचरपर्यंत चालतं, ७० चालेल का, ८५ म्हणजे जास्त का, आणि समोरचाही एक आकडा सांगून मोकळा होतो. पण नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. ७८ डिग्री म्हणजे आरामात आहे की काठावर आहे हे सांगायचं तर त्यावेळी खोलीत किती गरम होतं, प्रोसेसर किती वॅट खात होता, फॅन किती आरपीएमवर होता आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, किती मिळत होता हे चार आकडे सोबत लागतातच. हे चार आणि टेंपरेचर असे पाच आकडे, ओव्हरक्लॉकला हात लावायच्या आधी, सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर असताना, कागदावर लिहून काढायचे. एवढं केलं की आपल्या पीसीत किती जागा शिल्लक आहे ते आपोआप दिसतं, मग कोणाला विचारायची गरजच नाही.

मी उदाहरणाला रायझन ५ ५६०० घेतो, बी४५० किंवा बी५५० बोर्डवर, डब्यातल्या रेथ स्टेल्थ कूलरसकट, कारण पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणाऱ्यांकडे अशीच जोडी बऱ्याचदा असते. इंटेलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या, तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो तरी का. एएमडीमध्ये बहुतेक सगळे रायझन अनलॉक्ड असतात पण बोर्ड ए३२०, ए५२० किंवा ए६२० असेल तर सीपीयू ओव्हरक्लॉक मिळत नाही, आणि ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) कंपनीनेच लॉक केलेला आहे. इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड असे दोन्ही लागतात, बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा के प्रोसेसर असेल तर सगळ्यात आधी बायोस, म्हणजे बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, कारण त्या चिपमध्ये जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन त्या कायमच्या खराब होण्याचा प्रकार २०२४ मध्ये समोर आला होता आणि त्यावरचा उपाय म्हणजे चिपचा नवा मायक्रोकोड, तो बायोसमधूनच येतो. हे न करता ओव्हरक्लॉकच्या मागे लागू नका, प्लीज.

आता आपल्या चिपची मर्यादा माहीत करून घ्या. प्रत्येक प्रोसेसरचं एक कमाल टेंपरेचर कंपनीने ठरवलेलं असतं, तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक खाली आणतो, आणि त्याच्याही वर गेलाच तर पीसी बंद होतो. ५६०० साठी ते ९० डिग्री आहे, ५६००एक्स साठी ९५, ५८००एक्स साठी परत ९०. रायझन ७००० च्या एक्सवाल्या मॉडेल्सना ९५, त्यातल्या एक्स३डी वाल्यांना ८९. इंटेलच्या १२, १३, १४ जनरेशनच्या के प्रोसेसरना १००, कोअर अल्ट्रा २०० च्या डेस्कटॉप चिपना १०५. म्हणजे मित्राचा इंटेल ९० वर चालतोय म्हणून माझा ५६०० पण चालेल असं होत नाही, तुमचा तिथे मर्यादेला टेकलेला असतो.

सॉफ्टवेअर एकच पुरे, एचडब्ल्यूइन्फो, फुकट आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं टेंपरेचर दिसत नाही, ग्राफिक्स कार्डचं दिसतं, ते बघून फसू नका. एचडब्ल्यूइन्फो चालू करताना सेन्सर्स ओन्ली ला टिक करा म्हणजे सरळ यादी उघडते, करंट, मिनिमम, मॅक्झिमम, ॲव्हरेज असे चार रकाने. यादी भली मोठी असते आणि पहिल्यांदा बघणारा इथेच गोंधळतो, पण आपल्याला त्यातल्या मोजक्याच ओळी लागतात. रायझनवर टेंपरेचरसाठी सीपीयू टीसीटीएल/टीडाय ही ओळ, वॅटसाठी सीपीयू पीपीटी किंवा पॅकेज पॉवर, क्लॉकसाठी इफेक्टिव्ह क्लॉक, व्होल्टेजसाठी एसव्हीआय२ टीएफएन लिहिलेली ओळ, आणि बोर्डच्या भागात सीपीयू फॅनचा आरपीएम. इंटेलवर सीपीयू पॅकेज आणि कोअर मॅक्स बघा, शिवाय प्रत्येक कोअरसमोर थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे क्लॉक खाली येणं, यस की नो ते लिहिलेलं असतं.

बोर्डच्या भागात नुसतं सीपीयू नावाचं अजून एक टेंपरेचर असू शकतं, ते बऱ्याच बोर्डवर सॉकेटजवळच्या सेन्सरचं असतं आणि आतल्या सिलिकॉनपेक्षा कमी दाखवतं, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नका. उलट्या बाजूने, पहिल्या पिढीतल्या १६००एक्स, १७००एक्स, १८००एक्स वर टीसीटीएल मुद्दाम २० डिग्री वाढवून दाखवतात आणि २७००एक्स वर १० डिग्री, फॅन लवकर फिरावेत म्हणून. जुना रायझन सेकंडहँड घेतला असेल तर तिथे टीडाय, म्हणजे चिपचं खरं टेंपरेचर, बघायचं, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

दुसरी वस्तू म्हणजे खोलीचं तापमान मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर, स्वस्तातला चालतो. हा भाग लोक हमखास सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. कुठलाही हवेवरचा कूलर किंवा लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री चढायचं तेवढं ठरवतो. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरात पहाटे खोली १८ डिग्रीवर असते आणि मे महिन्यात दुपारी पंख्याखाली पण ३८-४० होते, म्हणजे तोच पीसी, तीच सेटिंग, आणि प्रोसेसरच्या आकड्यात सरळ २० डिग्रीचा फरक. थंडीत टेस्ट करून स्टेबल म्हणून सोडून दिलेलं ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये का लटकतं त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढे, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा, मागे गरम हवा बाहेर पडते तिथे ठेवला तर रीडिंग चुकणार. आणि पीसी टेबलच्या बंद कप्प्यात असेल तर थर्मामीटर पण कप्प्यातच ठेवा, कारण प्रोसेसरसाठी खोली म्हणजे तो कप्पा. खरं तर पीसी तिथून बाहेरच काढा, ओव्हरक्लॉक करायचं असेल तर त्या कप्प्यात काही खरं नाही. एसीची खोली असेल तर एकदा एसी बंद ठेवून टेस्ट घ्या, रोज एसी लावून बसणार असाल तरीही, कारण एसी बंद पडतो, पीसी चालूच असतो.

मग बायोसमध्ये जाऊन सगळं डीफॉल्टवर आणा. एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमला तिचा जाहीर स्पीड देणारं सेटिंग, रोज चालू ठेवणार असाल तर ते तेवढं चालू करा, रॅमच्या स्पीडने सुद्धा थोडे वॅट वाढतात म्हणून ते सुरुवातीपासूनच मोजणीत धरायचं. पण पीबीओ, म्हणजे पॉवर लिमिट उघडून बूस्ट वाढवणारं एएमडीचं सेटिंग, बंद आहे ना ते बघा, आणि इंटेलच्या बोर्डवर मल्टीकोअर एनहान्समेंट किंवा तशा नावाचं काही असेल तर ते बंद करा. हे महत्त्वाचं यासाठी की पुष्कळ बोर्ड डीफॉल्टलाच पॉवर लिमिट उघडी ठेवतात, तुम्हाला वाटतं स्टॉकवर मोजतोय आणि प्रत्यक्षात बोर्डाने आधीच प्रोसेसर ताणलेला असतो. ओळखायचं कसं, तर वॅट बघून. ५६०० ची मर्यादा ७६ वॅट आहे, फुल लोडला तो तिथेच किंवा थोडा खाली थांबला पाहिजे. १२६००के साठी १५० वॅट, १३६००के साठी १८१, १३९००के साठी २५३. आकडा याच्या वर जात असेल तर आपण स्टॉकवर नाही आहोत.

आता पीसी चालू करून दहा-पंधरा मिनिटं काहीच न करता सोडा, ब्राउझर वगैरे सगळं बंद. रायझनवर या वेळी टेंपरेचर ३८ वरून ५० वर आणि परत ४० वर असं उड्या मारतं, व्होल्टेज मधेच १.४ च्या वर दिसतं, याने दचकू नका, एखादा कोअर क्षणभर बूस्ट होतो म्हणून तसं दिसतं आणि ते नॉर्मल आहे. आयडलच्या आकड्यावरून फक्त एवढंच बघायचं की तो कायमच ६०-६५ च्या वर बसलेला नाही ना. तसा असेल तर फॅन फिरतोय का, लिक्विड कूलरचा पंप चालू आहे का, कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढली होती का, हे आधी तपासा. ही फिल्म तशीच राहून जाण्याचे किस्से नवीन पीसींमध्ये खरंच घडतात.

लोडसाठी सिनेबेंच आर२३ ने, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवून स्कोअर देणाऱ्या सॉफ्टवेअरने, सुरुवात करा. मल्टीकोअर टेस्ट बाय डीफॉल्ट दहा मिनिटं चालते. टेस्ट सुरू करायच्या आधी एचडब्ल्यूइन्फोमध्ये खालचं घड्याळाचं बटण दाबून मिनिमम-मॅक्झिमम रीसेट करा, नाहीतर विंडोज चालू होतानाचे आकडे मॅक्झिममला अडकून बसतात. आणि मग उठून जाऊ नका, पहिली दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसा, कारण टेंपरेचर कुठे पोचतं याइतकंच ते कसं चढतं यातून पण खूप कळतं.

चांगल्या बसवलेल्या कूलरवर असं होतं की पहिल्या सेकंदाला टेंपरेचर एकदम वीसेक डिग्री वर उडी मारतं, मग हळूहळू एकेक डिग्री करत काही मिनिटांत एका जागी स्थिर होतं. पहिली उडी चिपपासून कूलरच्या तळापर्यंतची, नंतरची संथ चढण म्हणजे कूलरचं धातू आणि कॅबिनेटमधली हवा तापण्याची. आता जर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच आकडा मर्यादेला जाऊन टेकला तर गडबड चिप आणि कूलरच्या मधे आहे, पेस्ट कमी पडली, वाळली, किंवा कूलर एका बाजूने वर राहिलाय. याची खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे टॉवर कूलर असेल तर त्याच्या पाईपला किंवा पात्यांना जपून बोट लावा, फॅनपासून लांब, प्रोसेसर ९० दाखवतोय आणि कूलर जवळपास थंड लागतोय म्हणजे उष्णता कूलरपर्यंत येतच नाहीये. उलट सुरुवात छान ७० वर झाली आणि पंधरा मिनिटांत ८४ वर गेलं, थांबायचं नावच घेत नाही, तर कूलर ठीक बसलाय पण कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर पडत नाहीये. साइडची काच काढून तीच टेस्ट परत घ्या, पाच डिग्री किंवा जास्त फरक पडला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा.

लिक्विड कूलर असेल तर दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका. आतलं पाणी तापायलाच वीसेक मिनिटं आरामात लागतात, सुरुवातीला सगळं एकदम मस्त दिसतं आणि खरा आकडा नंतर येतो, म्हणून अर्धा तास चालवा. बाकीच्यांनी पण एकदा तरी अर्ध्या तासाची टेस्ट घ्यावी असं माझं मत आहे.

सिनेबेंचनंतर प्राइम९५ नावाच्या सॉफ्टवेअरची स्मॉल एफएफटी टेस्ट घ्यायची का यावर लोक भांडतात. ती गेमपेक्षा आणि रेंडरपेक्षा पण जास्त तापवते, विशेषतः एव्हीएक्स (जड गणितासाठीच्या प्रोसेसरच्या खास सूचना) चालू असताना. मी म्हणेन स्टॉकवर एकदा पाच-दहा मिनिटं घ्या, वाईटात वाईट काय होऊ शकतं ते माहीत असावं, पण निर्णय त्या आकड्यावर घेऊ नका, नाहीतर कुठलाच साधा कूलर पास होणार नाही. त्यापेक्षा रोजच्या कामाची टेस्ट जास्त उपयोगाची, एखादा जड गेम तासभर खेळा आणि मागे एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवा. गेममध्ये प्रोसेसर सिनेबेंचएवढे वॅट खात नाही पण आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये हवा तापवत असतं, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरला तीच गरम हवा मिळते.

त्याच वेळी व्हीआरएम किंवा एमओएस नावाची ओळ असेल तर तिच्याकडे पण लक्ष द्या. सॉकेटच्या बाजूला प्रोसेसरला वीज देणारे जे भाग असतात त्यांचं ते टेंपरेचर. स्वस्त बोर्डवर तिथे हीटसिंकच नसतो, आणि ओव्हरक्लॉकमध्ये प्रोसेसरआधी तेच थकतात. स्टॉकवरच ते ९० च्या आसपास जात असेल तर मी त्या बोर्डवर मल्टिप्लायर वाढवणार नाही. काही बोर्डवर हा सेन्सर नसतोच, आणि हीटसिंक पण नसेल तर मग वॅट जपूनच वाढवायचे.

आकडे वाईट आले तर आधी धूळ. आपल्याकडे रस्त्यालगतच्या घरात सहा महिन्यांत पुढच्या जाळीवर गालिचा तयार होतो. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरवू नका, बेअरिंग खराब होतं. विदर्भ-मराठवाड्यात खोलीत वाळ्याचा कूलर असतो, त्याची ओली हवा थेट पीसीवर येईल असं ठेवू नका, तिने धूळ चिकटून बसते आणि मग ब्लोअरने सुद्धा निघत नाही.

पेस्ट बदलायची असेल तर एएम४ वाल्यांनी एक काळजी घ्याच. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं पीसीवर लोड देऊन पेस्ट गरम करा, बंद करा, प्लग काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, नवी मधोमध वाटाण्याएवढी, बास. स्क्रू एकदम एक बाजू पूर्ण घट्ट न करता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. इंटेलच्या चार खुंट्यांच्या कूलरमध्ये मात्र चारही खुंट्या बोर्डच्या आरपार जाऊन टक झाल्या का ते बघा, एक जरी अर्धवट राहिली तरी टेंपरेचर बिघडतं.

मग एकदा फॅन शंभर टक्क्यांवर ठेवून टेस्ट घ्या. यातून कूलरची खरी ताकद कळते. फॅन फुल केल्यावर आठ-दहा डिग्री उतरले तर तुमचा फॅन कर्व्ह, म्हणजे किती टेंपरेचरला फॅन किती फिरायचा ते सेटिंग, मवाळ आहे, तो बदलून फुकटात जागा मिळेल. फक्त दोन डिग्री उतरले तर हवेने आणखी काही होणार नाही. ५६०० मध्ये सगळे कोअर जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका चिपवर आहेत, आणि ती चिप झाकणाच्या मधोमध पण नसते, एवढ्याशा जागेतून ७६ मधले बहुतेक वॅट बाहेर काढायचे म्हणून महागडा कूलर लावून सुद्धा एका मर्यादेनंतर टेंपरेचर हटत नाही.

आता हिशोब, आणि हे सगळं त्याच्यासाठीच केलं. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा स्टॉकवर सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवर आहेत, खोली २८ डिग्री, लोडला ७२ डिग्री, ७६ वॅट. म्हणजे खोलीच्या वर ४४ डिग्री. आता ४.६ साठी १.३ व्होल्ट लागले असं धरा. क्लॉक ७ टक्के वाढला, व्होल्टेज ८ टक्के, पण त्याचा वर्ग केला की १७, दोन्ही मिळून वीज साधारण २५ टक्के वाढते, ९५ वॅट. खोलीच्या वरचे ४४ पण त्याच पटीत ५५ होतात. २८ च्या खोलीत ८३, चालेल असं वाटतं. पण मे महिन्यात खोली ३८ झाली की ९३, आणि ५६०० ची मर्यादा ९०. प्रत्यक्षात गरम चिप त्याच व्होल्टेजला थोडी जास्तच वीज खाते, म्हणजे हा हिशोब आशावादी आहे. म्हणून तुमच्या गावातल्या सगळ्यात गरम दिवसाचा आकडा धरून गणित करा, आणि उत्तर मर्यादेच्या किमान पाच-सात डिग्री खाली आलं पाहिजे.

माझा स्वतःचा नियम ५६०० सारख्या चिपसाठी असा आहे, खोली ३० च्या आसपास असताना स्टॉकवर अर्ध्या तासाने ७० च्या आत असेल तर बिनधास्त सुरू करा, ७० ते ८० मध्ये असेल तर व्होल्टेज न वाढवता जे मिळेल तेवढंच घ्या, ८० च्या वर असेल तर आधी कूलर बदला, रेथ स्टेल्थवर आणि छोट्या कॅबिनेटमध्ये बरेच जण याच गटात येतात. रायझन ७००० च्या एक्सवाल्यांना हा नियम लावू नका, ते फुल लोडला ९५ पर्यंत मुद्दाम जातात, कूलर चांगला असेल तर त्याच ९५ ला जास्त वॅट आणि जास्त क्लॉक देतात, तिथे टेंपरेचरपेक्षा क्लॉक बघायचा.

सुरू करताना मल्टिप्लायर वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडू नका. बोर्ड स्वतःच्या मनाने भरपूर व्होल्टेज देतो आणि वर केलेलं सगळं गणित फुकट जातं. व्होल्टेज स्वतः टाका, विंडोजमध्ये आल्यावर एसव्हीआय२ च्या ओळीत तेच दिसतंय का बघा, मगच सिनेबेंच लावा. पहिली तीस सेकंदं बोट एस्केपवर ठेवा, मर्यादेच्या पाच डिग्री आत आलं की टेस्ट बंद, व्होल्टेज कमी करून परत. आकडे बरे दिसले तर पूर्ण अर्धा तास, त्याच खोलीत, त्याच फॅन कर्व्हवर, आणि पाचही आकडे स्टॉकच्या आकड्यांशेजारी लिहा. सिनेबेंचचा स्कोअर पण लिहा, कारण झेन ३ (५६०० ज्या पिढीतला आहे ती) गरम होत गेला की मर्यादेच्या बराच आधीपासून स्वतःचा बूस्ट थोडा थोडा कमी करतो, थ्रॉटलिंगसमोर नो लिहिलेलं असतं तरी. तुम्ही पीबीओ वापरत असाल तर हे खास बघा, वॅट वीसने वाढले आणि स्कोअर जेमतेम हलला असेल तर ते सेटिंग मागे घ्या आणि त्याऐवजी कर्व्ह ऑप्टिमायझरमधून व्होल्टेज कमी करून बघा, बऱ्याच चिपवर त्यातूनच जास्त मिळतं आणि टेंपरेचर पण खाली येतं.